कोलार गोल्ड फील्ड्स: बंद खाणीच्या गावी जाताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याचं एक कुटुंब डिसेंबरात बेंगळुरूला नातेवाइकांकडे जाणार आहे. नववीतल्या मुलाने सिनेमा पाहिल्यापासून ‘केजीएफ’चा, म्हणजे कोलार गोल्ड फील्ड्स या बंद पडलेल्या सोन्याच्या खाणींच्या गावाचा, हट्ट धरलाय. बरोबर ७१ वर्षांच्या सासूबाई आहेत आणि हातात दोन दिवस आहेत. खाणीत उतरता येतं का, सोनं कुठे बघायला मिळतं का, आणि यातलं काहीच नसेल तर मुद्दाम वाट वाकडी करून जाण्यात अर्थ आहे का?

मी पुण्यात तीस वर्षं भूविज्ञान शिकवलं. १९८९ साली एम.एस्सी.ला असताना पहिल्यांदा चॅम्पियन रीफ खाणीत उतरलो. पुढे शिक्षक झाल्यावर जवळजवळ दरवर्षी मुलांना घेऊन तिथे गेलो. आधी खाण चालू असताना आणि मग बंद झाल्यावरही. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

खाणीत उतरता येत नाही. २८ फेब्रुवारी २००१ ला खाणी बंद झाल्या, पंप थांबले आणि खालचे बोगदे पाण्याने भरत गेले. शाफ्टची, म्हणजे खाणीत उतरायच्या उभ्या विहिरींची, तोंडं कंपनीच्या कुंपणाच्या आत आहेत आणि आत जायला परवानगी लागते. कुणी ‘मी दाखवतो, मागच्या बाजूने वाट आहे’ म्हणालं तर हात जोडून नको म्हणा. जुन्या खाणीत साचलेल्या हवेत प्राणवायू किती उरलाय हे डोळ्यांना कळत नाही. भंगार काढायला उतरलेली माणसं तिथे जिवाला मुकली आहेत. सोनंही कुठे दिसणार नाही. खाण चालू होती तेव्हासुद्धा ते सहजी डोळ्यांना दिसत नसे. शेवटच्या काळात एक टन दगड दळला की तीन-चार ग्रॅम हाती लागायचं.

तरीही जा. केजीएफ पाहायचं ते जमिनीवर, आणि पाहायचं ते गाव आहे. सव्वाशे वर्षं एका कामावर उभं राहिलेलं आणि ते काम एका दिवशी थांबल्यावरही नांदतं राहिलेलं असं गाव आपल्याकडे दुसरं मला माहीत नाही.

बेंगळुरूहून मोटारीने शंभरेक किलोमीटर पडतं, पण शक्य असेल तर रेल्वेने जा. बेंगळुरू–चेन्नई मार्गावर बंगारपेट जंक्शन लागतं. तिथून खाणींसाठी म्हणून टाकलेला सोळा-एक किलोमीटरचा फाटा कोरोमंडल, ऊरगाम, चॅम्पियन ही स्थानकं घेत मारिकुप्पमला संपतो. खाण बंद झाल्यापासून हजारो माणसं रोज पहाटे याच गाडीने बेंगळुरूला कामाला जातात आणि रात्री परततात. तुम्ही सकाळी बेंगळुरूहून निघालात तर गर्दीच्या उलट दिशेने जाल आणि सासूबाईंना खिडकीची जागा मिळेल. वेळा बदलत असतात, आदल्या दिवशी बघून घ्या. मारिकुप्पमच्या फलाटावर उतरून मागे पाहिलंत की रूळ जिथे संपतात तिथेच पलीकडे करड्या रंगाची सपाट माथ्याची टेकडी दिसते. तिच्याकडे पुढे येतो.

मुलाला आधी एवढं सांगून ठेवा की सिनेमातली खाण कल्पनेतली आहे. खरी गोष्ट अशी. इथे पूर्वापार लोक सोनं काढत होते. जुन्या खणत्या दोन-तीनशे फुटांपर्यंत खोल गेलेल्या आढळल्या. टिपू पडल्यानंतर म्हैसूरच्या पूर्व हद्दीची मोजणी करताना जॉन वॉरन या लष्करी अधिकाऱ्याच्या कानावर सोन्याची गोष्ट आली. ते साल १८०२. त्यानंतर सत्तर वर्षांनी मायकेल लॅव्हेल नावाच्या निवृत्त आयरिश शिपायाने म्हैसूर सरकारकडून खाणकामाचा परवाना मिळवला. बेंगळुरूतला लॅव्हेल रोड त्याच्याच नावाचा. पण भांडवल त्याच्याकडे नव्हतं. १८८० साली लंडनची जॉन टेलर अँड सन्स ही कंपनी आली आणि तिथून खरी खाण सुरू झाली. १९५६ साली ती सरकारकडे आली. सगळा हिशेब मांडला तर सुमारे पाच कोटी टन दगड फोडून आठशे टनांच्या वर सोनं निघालं. म्हणजे टनाला सरासरी पंधरा-सोळा ग्रॅम. अंगठ्याच्या नखाएवढ्या सोन्यासाठी ट्रकभर दगड, असं मी मुलांना सांगायचो.

तो दगड खाली किती खोल होता? चॅम्पियन रीफची खाण शेवटी ३.२ किलोमीटर खोल गेली. सिंहगडाची उंची समुद्रसपाटीपासून १,३०० मीटरच्या आसपास आहे. असे दोन सिंहगड एकावर एक ठेवले तरी खड्डा भरत नाही. एका पाळण्यातून, म्हणजे लिफ्टच्या पिंजऱ्यातून, तळापर्यंत जाता येत नसे. एक शाफ्ट उतरायचा, आडव्या बोगद्यातून चालायचं, मग दुसऱ्या पाळण्यात शिरायचं. तळाच्या खडकाचं तापमान पासष्ट अंशांच्या घरात होतं, म्हणून वरून थंड केलेली हवा आत सोडत. १९८९ साली आम्ही तळापर्यंत गेलो नव्हतो, बरेच वर थांबलो होतो. तरी पाळणा थांबून जाळीचं दार उघडलं तेव्हा भट्टीचं झाकण काढल्यासारखी हवा तोंडावर आली होती. आमच्या पुढे चालणारा कामगार उघडा होता, कमरेला लुंगी, डोक्यावर दिव्याची टोपी. हातातल्या पहारीने तो छताला ठोकत चालला होता. मला वाटलं सवयीने करतोय. मग एका जागी थांबला, दोनदा ठोकलं, हात आडवा करून आम्हाला मागे सारलं. तमिळमध्ये काहीतरी म्हणाला. आमच्या सरांनी अर्थ सांगितला: मडकं घेताना वाजवून बघतात ना, तसं. टणटणीत वाजलं तर छत पक्कं. बद्द वाजलं तर वरचा दगड सुटलाय. त्या जागेखालून आम्हाला त्याने भिंतीला चिकटून एकेक करून नेलं.

खोल खाणीत छत पडण्यापेक्षाही मोठी भीती होती ती खडक फुटण्याची. वरच्या तीन किलोमीटर दगडाचं ओझं आजूबाजूच्या खडकावर असतं. मधला दगड काढून घेतला की ते सगळं उरलेल्या खांबांवर येतं आणि एखादा खांब क्षणात फुटतो. इथले लोक त्याला ‘एअर ब्लास्ट’ म्हणत. त्याचा हादरा वर गावात जाणवायचा. घरातली भांडी वाजायची, आणि ज्यांचा माणूस पाळीवर असेल त्या बाया शाफ्टकडे धावत सुटायच्या. चॅम्पियन रीफ्सच्या वस्तीत साठीच्या वरच्या कुणालाही विचारा, ही आठवण प्रत्येक घरात आहे.

म्हणून पहिला दिवस गावाला द्या. मारिकुप्पम, चॅम्पियन रीफ्स, ऊरगाम हा पट्टा रिक्षा ठरवून आरामात होतो, सासूबाईंनाही झेपेल. शाफ्टवरचे लोखंडी मनोरे रस्त्यावरून दिसतात. ऊरगामच्या बाजूला साहेबांचे बंगले, क्लब, चर्च, गोल्फचं मैदान आहे. ‘लिटल इंग्लंड’ म्हणत या भागाला. कोलार पठाराची हवा थंड असते, पण हे नाव केवळ हवेमुळे पडलेलं नाही. तिथून रिक्षा पाच मिनिटं पुढे जाऊ द्या, मग कामगारांच्या ‘लाइन्स’ लागतात: एकाला एक चिकटलेल्या बुटक्या खोल्या, समोर अरुंद बोळ, एका खोलीत अख्खं कुटुंब. आपल्या गिरणगावातल्या चाळींत वाढलेल्या माणसाला ते चित्र लगेच ओळखू येईल. या दोन्ही गोष्टी एकापाठोपाठ बघा, मध्ये जेवायला थांबू नका. त्या पाच मिनिटांच्या अंतरात या गावाचा सगळा इतिहास आहे.

लाइन्समध्ये कॅमेरा बाहेर काढण्याआधी बोला. लोक तमिळ बोलतात. त्यांचे पणजोबा-खापरपणजोबा उत्तर अर्काट, चित्तूर भागातून आले, त्यांतले बहुसंख्य दलित. आंबेडकरी चळवळ इथे खोलवर रुजली. रिपब्लिकन पक्षाचे आमदार या मतदारसंघातून निवडून आले आहेत, हे महाराष्ट्रातल्या फार थोड्या लोकांना माहीत असतं. चौकाचौकांत बाबासाहेबांचे पुतळे-फलक दिसतील. तुम्ही महाराष्ट्रातून आलात म्हटलं की गप्पांना तिथूनच सुरुवात होते, हा माझा अनुभव आहे. हिंदी थोडीफार चालते. फुप्फुसात दगडाची धूळ बसलेली म्हातारी माणसं अजून त्या घरांत आहेत; बोलताना दर दोन वाक्यांनी थांबतात. त्यांना घाई करू नका. फोटो नको म्हणाले तर आग्रह करू नका.

याच गावात १९०२ साली वीज आली. कावेरीवर शिवनसमुद्र इथे जलविद्युत केंद्र बांधून सुमारे १४७ किलोमीटर लांब तारेने ती खाणींपर्यंत आणली. त्या काळच्या जगातल्या सर्वांत लांब वीजवाहिन्यांपैकी ती एक. बेंगळुरू शहराला वीज मिळाली ती तीन वर्षांनी, १९०५ साली. लाइन्समधल्या खोल्यांत दिवा कधी लागला, तो मात्र वेगळा प्रश्न.

मुलाला विज्ञानाची आवड असेल तर चॅम्पियन रीफ्सच्या शाफ्टकडे बोट दाखवून एक गोष्ट नक्की सांगा. वरून सतत विश्वकिरणांचा, म्हणजे अवकाशातून येणाऱ्या वेगवान कणांचा, मारा होत असतो. न्यूट्रिनो हा कण त्यात मिसळलेला असतो, पण तो कशालाच सहजी अडत नाही, त्यामुळे बाकीच्या कणांच्या गोंगाटात सापडत नाही. गोंगाट गाळायला जाड चाळणी हवी, आणि दोन-अडीच किलोमीटर जाडीचा खडक ही उत्तम चाळणी. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ १९५० च्या दशकापासून त्यासाठी इथे येत होते. १९६५ साली जपानच्या ओसाका आणि इंग्लंडच्या डरहॅम विद्यापीठांतल्या सहकाऱ्यांबरोबर त्यांनी २.३ किलोमीटर खोलीवर, हीथकोट शाफ्टच्या बाजूला, वातावरणात तयार झालेल्या न्यूट्रिनोंच्या खुणा टिपल्या. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेतल्या एका सोन्याच्या खाणीतही दुसऱ्या गटाला त्या मिळाल्या; जगातल्या पहिल्या नोंदी या दोन. एम. जी. के. मेनन, बी. व्ही. श्रीकांतन ही टाटा संस्थेतल्या शास्त्रज्ञांची नावं मुलाला शोधायला सांगा. पुढे १९८० च्या दशकात प्रोटॉन फुटतो का हे पाहायला १४० टन लोखंडाचं उपकरण खाली बसवलं होतं. हे शास्त्रज्ञ कामगारांच्याच पाळण्यातून खाली जायचे. ती प्रयोगशाळा आता पाण्याखाली आहे.

आता त्या करड्या टेकड्या. दगड फोडून, पिठासारखा दळून, त्यातलं सोनं आधी पाऱ्याने आणि मग सायनाइडच्या द्रावणाने काढून घेत. उरलेलं पीठ बाहेर टाकत. शंभर वर्षांत त्याच्या तेरा टेकड्या झाल्या. तीन कोटी टनांहून जास्त माल. गावात त्यांना ‘सायनाइड डंप’ म्हणतात. पावसाने कापून काढलेल्या घळी, वर गवताचं पातं नाही, संध्याकाळच्या उन्हात फार देखण्या दिसतात. सिनेमाचं चित्रण तिथेच झाल्यामुळे रविवारी तरुण मुलं वर चढून व्हिडिओ काढतात. माझा सल्ला स्पष्ट आहे: वर चढू नका. सायनाइड उन्हापावसात बऱ्यापैकी विघटित होतं, मुख्य प्रश्न धुळीचा आहे. ती अत्यंत बारीक सिलिका, म्हणजे गारगोटीचं पीठ, आहे, नाकातले केस तिला अडवत नाहीत. शिवाय घळींच्या कडा आतून पोकळ झालेल्या असतात. पायथ्याच्या रस्त्यावरून बघा, तिथून टेकडी अधिक चांगली दिसते. जून-जुलैत वारा सुटला की ही धूळ गावभर उडते, घरात भाताच्या ताटावर बसते. डिसेंबरात तो त्रास कमी. या टेकड्यांत अजून थोडं थोडं सोनं आहे. २०२४ च्या जूनमध्ये कर्नाटक सरकारने त्यांच्या लिलावाच्या केंद्राच्या प्रस्तावाला संमती दिली. काम सुरू झालं की टेकड्या राहणार नाहीत, त्यामुळे बघायच्या तर लवकर बघा.

खडकात रस असेल तर आणखी अर्धा तास काढा. हा सगळा पट्टा म्हणजे कोलारचा शिस्ट (दाबाने-उष्णतेने बदललेल्या खडकाचा) पट्टा, उत्तर-दक्षिण सुमारे ऐंशी किलोमीटर लांब आणि जेमतेम चार-सहा किलोमीटर रुंद, वय अडीच अब्ज वर्षांच्या वर. आपला सह्याद्रीचा काळा बेसाल्ट साडेसहा कोटी वर्षांचा. या खडकापुढे तो कालचा. मुळात हाही लाव्हाच. दबून, तापून त्याचा काळपट हिरवा चकाकता खडक झाला आणि त्याच्या भेगांत गारगोटीच्या शिरा शिरल्या. त्या शिरांत सोनं. पेद्दपल्लीजवळ त्या काळातल्या ज्वालामुखीच्या उद्रेकातून पडलेले तुकडे खडकात रुतलेले दिसतात. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने ते राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून जाहीर केलं आहे. हातोडी नेऊ नका, हात फिरवून बघा.

मुक्काम रॉबर्टसनपेटला करा. बाजार तिथे आहे, साधी स्वच्छ लॉज आहेत, तमिळ पद्धतीचं जेवण मिळतं. रात्रीचे काही बेत आखू नका, गाव लवकर झोपतं.

दुसऱ्या दिवशी गाडी ठरवा. बहुतेक ड्रायव्हर थेट कम्मसंद्र्याच्या कोटिलिंगेश्वराला नेतील. केजीएफपासून सात-आठ किलोमीटर. १०८ फुटी शिवलिंग, समोर मोठा नंदी, भोवती भाविकांनी बसवलेली असंख्य लहान-मोठी लिंगं. देवस्थान १९८० च्या सुमाराचं. सासूबाईंची इच्छा असेल तर जरूर जा, पण सकाळी आठच्या आत. फरशी तापली की अनवाणी चालवत नाही. मला स्वतःला बेतमंगलच्या बाजूचं गुट्टहळ्ळीचं बंगारू तिरुपती जास्त आवडतं. तिथे मूर्तीचं दर्शन सहा भोकांच्या खिडकीतून घ्यायचं असतं. वाटेत बेतमंगलचा पालार नदीवरचा तलाव लागतो; खाणींना आणि गावाला पाणी तिथून आणलं होतं.

पण वेळ राखून ठेवा तो अवनीसाठी. केजीएफहून पाऊण-एक तास. मोठ्या उघड्या खडकाच्या डोंगराच्या पायथ्याशी दहाव्या शतकातल्या नोलंब राजांच्या काळातलं देवळांचं आवार आहे. रामलिंगेश्वर, लक्ष्मणेश्वर, भरतेश्वर, शत्रुघ्नेश्वर: चारही भावांच्या नावाने एकेक शिवालय. वाल्मीकींचा आश्रम इथे होता आणि लव-कुश इथेच जन्मले असं स्थानिक लोक मानतात. वर डोंगरावर सीतेचं देऊळ आहे. चढ उभा आहे, सासूबाईंना खालच्या आवारातच थांबू द्या, तिथल्या दगडी ओट्यावर सावली असते. आम्ही मुलांना घेऊन जायचो तेव्हा दुपारचा डबा तिथे सोडायचो. आवारात बहुतेक वेळा राखणदार आणि दोन-चार माणसंच असतात. लक्ष्मणेश्वराच्या बाहेरच्या भिंतीवर कोरलेली माणसं निरखून बघा.

तिथून मुळबागल आणि पुढे कुरुडुमलेचा गणपती. एकाच दगडातला, तेरा फुटांहून उंच. सासूबाईंना इथे घेऊन जाच. अष्टविनायकाच्या शेंदरी मूर्तींची सवय असलेल्या आपल्या डोळ्यांना हा काळा कुळकुळीत, छताला टेकेल असा उभा-आडवा गणपती पाहून क्षणभर बोलायला सुचत नाही.

वेळ उरला तर कोलार शहरातलं कोलारम्मा देऊळ आणि शेजारचं सोमेश्वर करा. कोलारम्माच्या आवारात चेळम्मा ही विंचवांची देवी आहे. आणि मराठी माणसाला एक गोष्ट ठाऊक हवी: कोलार हे शहाजीराजांच्या कर्नाटकातल्या जहागिरीचा भाग होतं. बेंगळुरू, होसकोटे, कोलार हा मुलूख त्यांच्याकडे होता. हैदरअलीचं जन्मगाव बूदिकोटेही बंगारपेटच्या दक्षिणेला जवळच आहे, पण दोन दिवसांत ते बसवू नका, ओढाताण होईल. अंतरगंगेच्या गुहाही यावेळी सोडा. तिथल्या पायऱ्या आणि माकडं दोन्ही सासूबाईंना जड जातील.

बरोबर पाणी, टोपी, धुळीसाठी साधा मास्क आणि सकाळच्या गारठ्यासाठी स्वेटर ठेवा. परतीची गाडी बंगारपेटहून पकडणार असाल तर तासभर आधी पोहोचा आणि स्टेशनबाहेर पाणीपुरी खा. इथल्या पाणीपुरीचं पाणी स्वच्छ नितळ असतं, साध्या पाण्यासारखं दिसतं, आणि पहिल्याच पुरीला डोळ्यांत पाणी आणतं. सासूबाईंसाठी तिखट कमी करून मागा, करून देतात.